सोडून दिलेला मासा

हिमाचल प्रदेशातील कुलू जिल्ह्याच्या बंजार तहसिलीत तीर्थन नावाची एक नदी आहे. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या हिममंडित माथ्यांवर उगम पावून, देवदार आणि कैल यांच्या घनदाट अरण्यातून वाट काढीत ती लारजीपाशी बियासच्या खोऱ्यात उतरते. आणि गुशैणी गावाच्या आसपास, जेथे दोन्ही तीरांवरील वृक्षांच्या छायेने पाण्याचा हिरवा रंग अधिकच गडद होतो, तेथे वसंतात आणि पुन्हा पावसाळा ओसरल्यावर कोणी ना कोणी हातात लांब, लवचिक काठी घेऊन मांडीभर पाण्यात उभा असलेला दिसतो. त्याच्यापाशी मत्स्यखात्याचा परवाना असतो, त्या परवान्याच्या अटी तो कसोशीने पाळतो, आणि तासन्‌तास खपून पकडलेला ट्राउट मासा तो बहुधा पुन्हा पाण्यात सोडून देतो. या सोडून देण्याचे धर्मदृष्ट्या मोल काय, एवढाच प्रश्न मला येथे विचारावयाचा आहे.

ज्या देशात लक्षावधी लोक मासळीवर जगतात तेथे मूठभर हौशी माणसांच्या छंदाची एवढी मीमांसा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु अहिंसेचे स्वरूप उपजीविकेच्या हिंसेत जितके स्पष्ट दिसत नाही तितके ते या छंदात दिसते. कारण उपजीविकेत भूक ही एक सबळ सबब असते आणि तिच्याआड मनुष्याचा हेतू झाकला जातो, तर येथे भूक आधीच बाजूला सारलेली असल्यामुळे हेतू उघडा पडतो. शिवाय मासा सोडून देणारा मनुष्य स्वतःला निर्दय समजत नाही. मारून नेणाऱ्यापेक्षा आपण एक पायरी वर आहोत अशी त्याची प्रामाणिक श्रद्धा असते. त्या श्रद्धेची तपासणी मला अगत्याची वाटते. ती करताना या लोकांचा अवमान करण्याची माझी यत्किंचितही इच्छा नाही, कारण नदीवर इतके डोळस प्रेम करणारी माणसे मी फार थोडी पाहिली आहेत.

तीर्थनमधला ट्राउट मूळचा तिथला नव्हे. स्कॉटलंडहून काश्मिरात १९०० साली ट्राउटची अंडी सुखरूप पोचली, तेथे मासे वाढले, आणि १९०९ साली कुलूचे असिस्टंट कमिशनर हॉवेल यांनी काश्मीरहून अंडी आणवून कटराईंजवळ महिली येथे ती उबवण्याची व्यवस्था केली. पुढे अंमल गेला, हुकूमत गेली, मासा मात्र राहिला आणि थंड, प्राणवायूने समृद्ध अशा त्या पाण्यात चांगला रुजला. ज्याला साहेबलोक स्नो ट्राउट म्हणत त्या तिथल्या मूळच्या माशाच्या अन्नावर आणि जागेवर या पाहुण्याने अतिक्रमण केले, असे मत्स्यशास्त्रज्ञ मानतात. तो एक स्वतंत्र विषय आहे. प्रस्तुत प्रश्नापुरते एवढेच लक्षात ठेवावे की हा मासा या नदीत मुळात आला तोच मनुष्याच्या क्रीडेसाठी.

या मासेमारीत गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही, जाळे तर नाहीच. येथे आमिष म्हणजे पिसांची एक कृत्रिम माशी. नखाएवढा बारीक गळ लहानशा शेगड्यात धरून त्यावर प्रथम रेशमी दोऱ्याचे वेढे देतात. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तांबूस तंतू वळून तिचे धड करतात आणि ते ठिसूळ तंतू तुटू नयेत म्हणून वरून केसासारखी तांब्याची तार वेटाळतात. शेवटी कोंबड्याच्या मानेवरचे एक ताठ पीस गळाच्या डोळ्याजवळ गोल गुंडाळतात, म्हणजे त्याचे केसर चोहोबाजूंना उभे राहतात आणि त्यांच्या आधाराने ती माशी पाण्यावर तरंगते. तिला वजन म्हणून नसतेच. सारा भार दोरीत असतो, फेकायची असते ती दोरी, आणि माशी तिच्या टोकाच्या जवळजवळ अदृश्य तंतूला बांधलेली मागून जाते. पण खरी परीक्षा पुढे आहे. डोंगरी नदीच्या पात्रात हातभर अंतरावर दोन प्रवाह दोन वेगांनी वाहत असतात. त्यांची ओढ दोरीला लागली आणि माशी पाण्याहून रेसभर जलद किंवा मंद सरकू लागली, तर खडकाआड दबा धरून असलेला ट्राउट तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून दोरी पडताक्षणी मनगटाच्या हलक्या झटक्याने तिची कमान प्रवाहाच्या वर उलटवून द्यावी लागते, आणि हे सारे पाण्यात आपली सावली पडू न देता.

त्यासाठी त्याला आधी नदी वाचावी लागते. तो पाण्यातला एखादा गोटा उचलून उलटा करतो; त्याच्या पोटाशी मेफ्लायची पिल्ले चिकटलेली असतात, चपटी, तीन शेपट्यांची, कुशीवरच्या कल्ल्यांची अखंड थरथर चाललेली. महिनोन्‌महिने अशी पाण्याखाली काढून एके दिवशी ती वर येतात, कात टाकून पंख उघडतात, आणि मग अन्न घेण्याजोगे मुखच त्यांना उरलेले नसल्यामुळे काही तास, फार तर एक-दोन दिवस जगून, अंडी घालून मरतात. त्या दिवशी कोणत्या रंगाची, किती लांबीची माशी उडत आहे हे पाहून त्याबरहुकूम आपल्या पेटीतील माशी तो निवडतो. ज्या नदीवरून आपण पूल ओलांडून निघून जातो, तिच्या अंतरंगातील इतकी जीवसृष्टी त्याला तोंडपाठ असते.

अशा मनुष्याला पाण्यात पाऊल टाकताना पाहून मला ज्ञानेश्वरीची आठवण झाली. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना ज्ञानदेव अहिंसेपाशी इतके रेंगाळतात की तेवढ्याचा एक स्वतंत्र प्रबंध व्हावा. आणि अहिंसक पुरुषाची चाल कशी असते हे दाखवण्यासाठी त्यांनी जो दृष्टान्त घेतला तो विलक्षण आहे. लाट फुटू नये, पाण्याचा निश्चलपणा मोडू नये, अशा बेताने, त्वरेने तरी हळुवार, भक्ष्यावर नजर लावून जळात पाय ठेवणारा बगळा त्यांनी पुढे उभा केला आहे. अहिंसेच्या वर्णनात मासे मारणारा पक्षी! पण लगेच पुढे, अणुरेणूंत सूक्ष्म जीव भरलेले आहेत या जाणिवेने करुणेतच दडवलेले पाऊल म्हणजे अहिंसकाचे पाऊल, असे ते सांगतात. म्हणजे बगळ्याकडून घेतली ती चाल तेवढी. ती चाल ज्यासाठी आहे ते घेतलेले नाही. अवधान, हळुवारपणा, संयम, आत्मविस्मृती या साऱ्या गोष्टी बगळ्यात आहेत आणि संतातही आहेत. त्यांवरून मनुष्य अहिंसक आहे की नाही हे ठरत नाही. दृष्टी कशावर लागली आहे यावरून ते ठरते.

या छंदाचे पाश्चात्त्य देशांत जे आध्यात्मिक समर्थन होत आले आहे ते मला येथेच अपुरे वाटते. आयझॅक वॉल्टन याने १६५३ साली, इंग्लंडातील यादवीने आणि धर्मकलहाने त्याचा स्वतःचा पंथ दडपला गेला असताना, ‘द कम्प्लीट अँग्लर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने गळाची मासेमारी ही चिंतनशील मनुष्याची करमणूक म्हणून मांडली आणि ख्रिस्ताच्या शिष्यांपैकी चौघे मासे धरणारे होते याची आवर्जून आठवण दिली. तो ग्रंथ खरोखरीच शांत आणि सात्त्विक आहे; वाचताना मनावरचा ताण उतरतो. आणि त्याच ग्रंथात, मोठ्या माशासाठी जिवंत बेडूक गळाला कसा शिवावा हे शिकवताना, तो अधिक काळ जिवंत राहावा म्हणून त्याला प्रेमाने हाताळावे, दुखापत होईल तितकी कमी करावी, असा उपदेश वॉल्टन मोठ्या सद्‌भावनेने करतो. पुढे बायरनने ‘डॉन जुआन’मध्ये वॉल्टनच्याच घशात गळ अडकावा आणि एका छोट्याशा ट्राउटने तो ओढावा अशी जळजळीत इच्छा व्यक्त केली, तिचे कारण उघड आहे. बायरनचा राग मला फारसा उपयोगी वाटत नाही, कारण रागाने प्रश्न सुटत नाही. परंतु त्या बेडकाच्या परिच्छेदात जे दिसते ते नजरेआड करता येत नाही. हात प्रेमळ असतो, कृती क्रूर असते, आणि हाताच्या प्रेमळपणामुळे कृतीचा क्रूरपणा कर्त्याला दिसेनासा होतो.

तीर्थनकाठी मासा सोडून देतानाचा क्षण मी जवळून पाहिला आहे. दोरीला हिसका बसला, काठी वाकली, आणि काही वेळ तो मासा प्रवाहाच्या बळाचा आश्रय घेऊन, कधी खडकाकडे तर कधी खोल पाण्याकडे, सर्व सामर्थ्यानिशी पळत राहिला. मग थकला. त्या गृहस्थाने आधी आपले हात नदीत ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा श्लेष्माचा थर निघतो व पुढे त्याला रोग जडतो. मासा पाण्याबाहेर न काढता चिमट्याने बिनकाट्याचा गळ अलगद सोडवला. पोटाखाली तळवा ठेवून त्याचे तोंड प्रवाहाकडे धरले. सोनेरी अंगावर फिकट कडे असलेले तांबडे ठिपके स्पष्ट दिसत होते. कल्ले प्रथम वेगाने, मग एका लयीत उघडूमिटू लागले, शेपटीत जीव आला, आणि तो तळव्यावरून निघून गेला. त्या गृहस्थाच्या मुद्रेवर जो भाव होता त्याला मी कृतार्थता म्हणेन. त्यात ढोंग तिळमात्र नव्हते.

मग दोष कोठे आहे? कोणी म्हणेल, दोष नाहीच. त्याने फळ हाती आल्यावर त्याचा त्याग केला, आणि गीतेने याहून निराळे काय सांगितले आहे? हा युक्तिवाद मी सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकला आहे आणि तो वरवर आकर्षक आहे. परंतु फळ कोणते हे आधी ठरवले पाहिजे. ज्याला मासा खावयाचा नाही, विकावयाचा नाही, त्याच्या कर्माचे फळ मासा हे नव्हेच. त्याच्या कर्माचे फळ म्हणजे काठी वाकण्याचा तो क्षण, दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक जीव जिवाच्या आकांताने ओढतो आहे ही हातांना येणारी प्रतीती. ते फळ त्याने पुरेपूर भोगलेले असते. भोगून झाल्यावर जे उरले ते टाकून देणे याला कर्मफलत्याग म्हणता येणार नाही.

येथे आधुनिक शास्त्राची एक साक्ष काढली पाहिजे. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, रेनबो ट्राउटच्या मुखाभोवती आणि डोक्यावर इजेची वार्ता देणारे मज्जातंतू असल्याचे दाखवून दिले; ओठांत मधमाशीचे विष किंवा ॲसिटिक आम्ल टोचलेले मासे तळाशी बसून अंग डोलवीत राहिले, आम्ल टोचलेल्यांनी आपले ओठ टाकीतील खड्यांवर घासले, आणि पुन्हा अन्नाकडे वळण्यास त्यांना इतरांहून पुष्कळ अधिक वेळ लागला. यावर जेम्स रोझ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांचा आक्षेप असा की, माशाला आपल्यासारखे प्रमस्तिष्काचे बाह्यपटल नसल्यामुळे त्याची प्रतिक्रिया ही निव्वळ यांत्रिक असून तिला वेदना म्हणता येत नाही. हा वाद अद्याप चालू आहे आणि तो शास्त्रज्ञांनी आपल्या पद्धतीने चालवावा. मला मात्र वाटते की, आचरणाचा निर्णय त्या निकालाची वाट पाहत थांबू शकत नाही. ज्याच्या वेदनेविषयी वाजवी संशय आहे त्याला तो संशयाचा फायदा मिळाला पाहिजे, आणि नुसत्या करमणुकीच्या बाबतीत तर निःसंशय मिळाला पाहिजे. जैन आचार्यांनी मासा हा पंचेंद्रिय जीव मानून त्याचे स्थान फार पूर्वीच निश्चित केले आहे.

यूरोपातील दोन राष्ट्रांनी या बाबतीत जो कायदा केला तो आपल्याकडील वाचकाला चमत्कारिक वाटेल. जर्मनीत पृष्ठवंशीय प्राण्याला वाजवी कारणावाचून क्लेश देणे गुन्हा आहे, आणि खाण्यासाठी धरणे हे वाजवी कारण समजले जात असल्यामुळे केवळ सोडून देण्याकरिता मासा पकडणे हे कारण तेथे ग्राह्य धरीत नाहीत. स्वित्झर्लंडने २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमावलीत सोडण्याच्याच हेतूने मासेमारी करण्यास मनाई केली. म्हणजे कुलूच्या खोऱ्यात जे कृत्य सुजाणपणाचे लक्षण समजले जाते तेच कृत्य आल्प्सच्या खोऱ्यात बेकायदा ठरते. आणि मासा मारून घरी नेणारा निर्दोष सुटतो. प्रथम ऐकताना हे उफराटे वाटते, पण जरा विचार केला म्हणजे कायद्यातील न्यायबुद्धी पटू लागते. भुकेला दिलेला जीव निदान कोणाच्या तरी गरजेला दिला गेला. खेळाला लावलेला जीव कशासाठी लावला गेला, याचे उत्तर देता येत नाही.

आपल्या परंपरेत मासा पकडून सोडून देण्याची एक प्राचीन कथा आहे, आणि या संपूर्ण प्रश्नावर तिच्याइतका प्रकाश दुसऱ्या कशाने पडत असेल असे मला वाटत नाही. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळी सोमदेवसूरी नावाच्या जैन आचार्याने शके ८८१ मध्ये, म्हणजे इसवी सन ९५९ मध्ये, ‘यशस्तिलकचंपू’ हा संस्कृत ग्रंथ पुरा केला. कृष्णकांत हंदिकी यांचा या ग्रंथावरील थोर प्रबंध १९४९ साली आपल्या सोलापूरच्याच जीवराज जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाला, हे मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावे. त्या ग्रंथात, आणि त्याच्याही थोडे आधी हरिषेणाच्या बृहत्कथाकोशात, अवंती देशातील मृगसेन धीवराची कथा येते. जाळे खांद्यावर टाकून शिप्रेकडे निघालेल्या या धीवराला वाटेत एक मुनी भेटले. ज्याची उपजीविकाच मासे मारण्यावर, त्याला अहिंसेचे व्रत द्यावे तरी कसे? मुनींनी त्याला त्याच्या ऐपतीचे व्रत दिले: आज जाळ्यात जो पहिला मासा येईल तो सोडून दे. मृगसेनाने नदीवर जाऊन जाळे टाकले, मोठा मासा आला, आणि पुन्हा ओळखता यावा म्हणून त्याला कापडाची चिंधी बांधून त्याने तो सोडला. दुसऱ्यांदा जाळे टाकले, पुन्हा तोच मासा. जागा बदलली, तरी तोच. असे पाच वेळा झाले आणि पाचही वेळा त्याने तो सोडला, कारण पहिला मासा तो पहिलाच. संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी आला तेव्हा बायकोने संतापून दार लावून घेतले. उघड्यावर एका ओंडक्याचा आधार घेऊन तो निजला आणि रात्री सर्पदंशाने मेला. पुढच्या जन्मी तो पाच वेळा मृत्यूच्या तोंडातून वाचला, असे कथा सांगते.

या कथेतला धीवर आणि तीर्थनवरचा परवानाधारक यांची बाह्य कृती एकच आहे: मासा धरला, मासा सोडला. तरीही एकाच्या सोडण्याला आपण नमस्कार करतो आणि दुसऱ्याच्या सोडण्यापाशी आपले मन अडखळते. मृगसेनाने सोडलेला मासा हे त्याच्या घरचे रात्रीचे जेवण होते. सोडताना त्याचे काहीतरी गेले, आणि पाचव्या वेळी तर सगळेच गेले. हौशी माणसाचे सोडताना काहीच जात नाही, उलट नदीत मासे राहिल्याने उद्याच्या करमणुकीची तरतूद होते. मृगसेनाने मासा पकडला तो जगण्यासाठी आणि सोडला तो धर्मासाठी. या दोहोंत ओढाताण होती आणि त्या ओढाताणीतच व्रताचा जन्म आहे. सोडण्यासाठीच पकडणाऱ्याच्या बाबतीत पकडणे आणि सोडणे हे एकाच सुखाचे दोन भाग असतात.

येथे एक शंका राहते, आणि ती सोमदेवाच्याच वचनातून निघते. तो म्हणतो की धीवर एखाद्या दिवशी एकही मासा न मारता परतला तरी दोषी असतो, आणि शेतकऱ्याच्या नांगराखाली असंख्य जीव मेले तरी तो तसा दोषी नसतो, कारण दोघांचे संकल्प भिन्न आहेत. मग ज्याचा मारण्याचा संकल्पच नाही त्या हौशी माणसाला संकल्पाच्या या न्यायाने मुक्त का करू नये? मी या शंकेवर पुष्कळ विचार केला आहे. मला जे दिसते ते असे की, मारण्याचा संकल्प नसला तरी झुंजवण्याचा संकल्प असतो. माशाने प्राण वाचवण्यासाठी धडपडावे हीच त्या दिवसाची कामना असते, कारण मासा निमूटपणे हाती आला तर त्या खेळात काही गोडी उरणार नाही. दुसऱ्याची प्राणभीती हे जेथे सुखाचे उपादान आहे, तेथे मरण टाळले एवढ्याने संकल्प शुद्ध होत नाही. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सीमित अहिंसेचे उदाहरण म्हणून मासे मारणाऱ्याचेच नाव आहे: तो माशांखेरीज इतर कोणाची हिंसा करीत नाही, म्हणून त्याची अहिंसा जातीने मर्यादित आहे, सार्वभौम महाव्रत नसली तरी तीही अहिंसाच म्हणून गणली आहे. भाष्यकाराने कोळ्याला किती आदराने वागवले आहे पाहा. त्याची हिंसा कोठे सुरू होते आणि कोठे थांबते हे त्याला ठाऊक आहे, आणि तो तिला दुसरे नाव देत नाही.

हिंसेला दुसरे नाव देणे ज्ञानदेवांनाही खपले नाही. त्याच तेराव्या अध्यायात, झाडाच्या फांद्या तोडून त्यांचेच कुंपण झाडाच्या बुंध्याला घालावे, किंवा देऊळ पाडून त्याच्या दगडांनी देवाभोवती आवार बांधावे, तशी काहींची अहिंसा असते असे ते बजावतात. आधी स्वतः इजा करावी आणि मग तिची शुश्रूषा करून पुण्य जोडावे, या वृत्तीवर सातशे वर्षांपूर्वी याहून नेमके बोट ठेवले गेलेले मला ठाऊक नाही. गळ बिनकाट्याचा असावा, हात ओले असावेत, मासा पाण्याबाहेर काढू नये, हे सारे नियम उत्तम आहेत व जे मासेमारी करणारच त्यांनी ते अवश्य पाळावेत. परंतु हे नियम म्हणजे केलेल्या इजेची शुश्रूषा होय.

दुसऱ्या बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे अजून सांगावयाचे राहिले आहे. ही माणसे नदीचे पहारेकरी आहेत. पाणी तापले, गाळ वाढला, काठची झाडे तुटली, सुरुंग लावून कोणी मासे मारले, तर त्याची पहिली खबर त्यांना लागते. तीर्थनवर योजलेले जलविद्युत प्रकल्प स्थानिक लोकांनी झगडून थांबवले, तेव्हा ट्राउटचे पाणी हा त्यांच्या बाजूचा एक मुद्दा होता. ज्या नदीला असे कैवारी नाहीत तिची काय गत होते हे आपण महाराष्ट्रात डोळ्यांनी पाहतो आहोत. हे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करतो. पण नदीचे रक्षण गळाशिवाय होत नाही, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीच्या वाळण कोंडीत वरदायिनी देवीच्या नावाने महसीर मासे पिढ्यान्‌पिढ्या राखलेले आहेत. वैतरणेवर तिळसे येथे महादेवाच्या देवळापाशी तसेच. लोक काठावर येतात, लाह्या-चुरमुरे टाकतात, पाण्याखालून वर येणाऱ्या त्या मोठ्या, सावळ्या अंगांकडे पाहतात आणि घरी जातात. खुद्द हिमाचलातही जोगिंदरनगरजवळच्या मछियालला देवाचे मासे असेच निर्भय आहेत. तेथे अभय आधी दिलेले आहे. ते मिळवण्यासाठी माशाला आधी गळाला लागावे लागत नाही.

भक्ताचा हा मार्ग सर्वांना मानवेल असे मी म्हणत नाही. नुसते पाहून ज्याचे समाधान होत नाही, ज्याला नदीशी हातांनी, मनगटाने, आपल्या कसबाने व्यवहार करावासा वाटतो, त्याची ओढ मी खोटी मानीत नाही. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात नॉर्थ अम्पक्वा नदीच्या एका उपनदीवर, समुद्रातून परतणाऱ्या स्टीलहेड ट्राउटची चोरट्यांपासून वर्षानुवर्षे राखण करणारे ली स्पेन्सर हे स्वतः जुने मासेमार. त्यांनी आपल्या माश्यांच्या गळांची टोकेच मोडून टाकली आणि तरीही मासेमारी चालू ठेवली. माशी तशीच बांधायची, दोरी तशीच फेकायची, प्रवाहाशी तोच हिशेब करायचा. मासा वर येतो, माशी तोंडात घेतो, काही तरी वावगे आहे हे ओळखून ती सोडतो आणि आपल्या जागी परत जातो. मासा फसला, म्हणजे कसबाला दाद मिळाली. काठी वाकणे तेवढे गेले. हौशी माणसाच्या कर्माचे फळ कोणते, हा जो प्रश्न मी मघाशी उपस्थित केला, त्याची याहून चोख कसोटी मला सुचत नाही. टोक मोडल्यावर ज्याचा आनंद शाबूत राहतो त्याला नदीच प्रिय होती, आणि ज्याचा मावळतो त्याने आपल्याला काय प्रिय होते हे स्वतःशी कबूल करावे.

तीर्थनचा किंवा काश्मीरमधील लिद्दरचा परवाना काढून जाणारे मराठी गृहस्थ आणि स्त्रिया आता पुष्कळ आहेत. त्यांना माझी विनंती आहे की, मासा खावयाचा असेल तर नियमात बसेल असा एक घ्या, त्याला तत्काळ मारा, शिजवून खा, आणि त्या दिवसापुरती काठी आवरून ठेवा. खावयाचा नसेल तर नदीत उतरण्यापूर्वी काठावर बसून पक्कडीने गळाचे टोक मोडून टाका.